पाकोळीचा डावा पंख

फोन आला तेव्हा इन्स्पेक्टरबाई नुकत्याच डबा उघडून बसल्या होत्या. पलीकडून हवालदार म्हणाला, "मॅडम, गाडीखाली माणूस गेलाय. पण गाडी रस्त्यावर नाही. घरात आहे."

"घरात म्हणजे?"

"या तर खरं. जेवून या मात्र. नंतर घास उतरणार नाही."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि निघाल्या.

गल्लीच्या टोकाला बंगली होती आणि बंगलीला चिकटून गॅरेज. आत दोन माणसांपुरती, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. टप नाही, दारं नाहीत, सगळ्या अंगाला राखाडी अस्तराचा रंग. दारं भिंतीवर टांगलेली होती, सीटा चादरीत गुंडाळून कोपऱ्यात. फळीवर मुरंब्याच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या आणि प्रत्येकीत वेगळ्या मापाचे नट-बोल्ट. ज्यानं हे मांडलं होतं त्याचा हात शिस्तीचा होता.

तो माणूस गाडीखाली होता. चाकाच्या फळीवर उताणा झोपून आत सरकलेला, छातीवर गाडीचा पुढचा सगळा भार. गाडीचे मालक, शहरातले नावाजलेले वकील. दुपारी बायको कामावरून आली तेव्हा तिला आधी त्यांचे बूट दिसले.

"जॅक सरकला," हवालदार म्हणाला. "हौसेला मोल नसतं म्हणतात ते हे असं."

"सरकला असता तर वाकडा झाला असता. हा बघा, सरळ उभा आहे. नुसता खाली बसलाय."

पुढच्या बाजूला चाकांचा हायड्रॉलिक जॅक होता. लांब दांडा वरखाली केला की गाडी उचलली जाई, आणि दांडा डावीकडे फिरवला की आतलं तेल सुटून गाडी खाली येई. बाईंनी रुमालानं धरून दांडा हलवला. तेलाची वाट पूर्ण उघडी होती.

गाडीच्या दोन्ही बाजूंना दोन घोड्या पडल्या होत्या. घोडी म्हणजे गाडीखाली टेकू द्यायचा लोखंडी स्टँड. मधला दांडा हवा तेवढा वर काढायचा आणि भोकात पिन घालून अडकवायचा. या दोन्ही घोड्यांना पिना नव्हत्या. त्या वकिलांच्या शर्टाच्या खिशात सापडल्या.

"म्हणजे घोड्या त्यांनीच काढल्या," हवालदार म्हणाला. "आत्महत्या?"

"उंची बदलत होते. पिन काढायची, दांडा एक भोक वर घ्यायचा, पिन परत घालायची. मधल्या वेळी गाडी नुसत्या जॅकवर होती."

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि टॉर्च लावून खाली वाकल्या. जमिनीवर सांडलेल्या तेलात बोटाएवढ्या रुंदीचा एक ओरखडा होता. गाडीच्या नाकाच्या बाजूनं निघून तो सरळ वकिलांच्या उजव्या हातापर्यंत गेला होता, आणि हाताशी काहीतरी चकाकत होतं. जेमतेम तळहातात मावेल एवढी पितळी पाकोळी, पंख पसरलेला पक्षी. गाडीच्या नाकावर लावायचं बोधचिन्ह. अंग लखलखीत, डावा पंख मात्र काळपटलेला. पंख आणि अंग यांच्यामध्ये राखाडी डिंकाची बारीक रेघ होती.

उठताना बाईंना आधाराला खुर्चीची पाठ सापडली. साधी प्लॅस्टिकची खुर्ची. जॅकच्या दांड्याला इतकी खेटून ठेवलेली, की बसणाऱ्याला पाय लांब करायला जागा उरू नये.

"ही तुम्ही आणली?"

"नाही मॅडम. आल्यापासून इथंच आहे."

*

वकिलांची बायको स्वयंपाकघरात बसली होती. ऑफिसच्या ओळखपत्राचा पट्टा अजून गळ्यात होता. सकाळपासून ती ऑफिसातच होती आणि तिच्या टेबलाभोवतीच्या साऱ्यांनी तिला पाहिलं होतं.

"ही गाडी कधीपासूनची, ताई?"

"त्यांच्या वडिलांनी घेतलेली. कॉलेजात हे फिरवायचे म्हणे. लग्नाआधीच बिघडली आणि गावाबाहेरच्या शेडमध्ये पडली. मी चालताना कधी पाहिलीच नाही. सासरे गेले, शेड विकली, म्हणून घरी आणावी लागली."

"वकिलांशी कोणाचं वाकडं?"

"वकिलाशी कोणाचं सरळ असतं?" ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. "घरात मात्र आवाज चढवायचे नाहीत. परवाच काय ते दादावर ओरडले. माझ्या थोरल्या भावावर. गाडीचं इंजिन त्यानंच उभं केलंय."

"कशावरून?"

"त्या पाकोळीवरून. दादाला ती दाराच्या पत्र्याच्या आत सापडली. एक पंख नव्हता. दादानं ती पुसून जेवणाच्या टेबलावर ठेवली, आम्हाला दाखवली, हे तेव्हा बाहेरगावी होते, दुसऱ्या दिवशी पंख करून घ्यायला पितळ ओतणाऱ्या ओताऱ्याकडे दिली. ह्यांना कळलं तसे लालबुंद झाले. म्हणाले, विचारल्याशिवाय माझ्या वस्तूला हात लावायचा नाही. दादा तसाच जाऊन ती परत घेऊन आला. ह्यांनी हत्यारांच्या कपाटात टाकून दिली."

हवालदारानं बाईंकडे असं पाहिलं, जणू प्रकरण मिटलंच.

थोरला भाऊ मागच्या अंगणात होता. लेथचं वर्कशॉप चालवणारा, उंच, हात कोपरापर्यंत काळे. बोलायला बसा म्हटल्यावर तो खुर्ची सोडून सवयीनं उकिडवा बसला.

"सकाळी कुठं होतात?"

"भंगार बाजारात. सायलेन्सरचा पाइप शोधत होतो."

"मिळाला?"

"नाही."

"कोणी ओळखीचं भेटलं?"

"नाही." त्यानं वर पाहिलं. "मला कळतंय तुम्ही काय विचारताय."

"मग सांगा. वकील एकटे असताना नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचे?"

"कधीच नाही. भित्रे होते त्या बाबतीत. घोड्या हलवायच्या असल्या तर दांड्याशी घरातलं कोणीतरी बसवायचे. त्याशिवाय आत जायचे नाहीत."

"कोणीतरी म्हणजे तुम्ही."

"मी, नाहीतर बहीण. घरातलं कोणीही. त्याला कुठं ताकद लागते? नुसतं बसायचं आणि त्यांनी सांगितलं की दांडा दाबायचा."

"भांडणाचा राग होता?"

त्यानं काळे हात पँटला पुसले. "भाओजी ही गाडी भंगारात देणार होते. मीच हट्ट धरला. म्हटलं, अशी वस्तू मोडीत काढतात का? रोज थोडं थोडं करू. मी हट्ट धरला नसता तर माणूस आज जिवंत असता. राग माझाच मला आहे, बाई."

बाहेर आल्यावर हवालदार कुजबुजला, "मेहुणाच. नेहमी मेहुणाच असतो. मी स्वतः मेहुणा आहे, मला माहीत आहे."

बाईंनी पाकोळी दिलेल्या ओताऱ्याचा पत्ता त्याच्या हातात ठेवला. "त्याला एवढंच विचारा, पंख ओतला होता का. आणि जॅक घेऊन जा. तेलाची वाट बंद करा, आपली जीप त्यावर चढवा आणि संध्याकाळपर्यंत ठेवा. उतरली तर सांगा."

*

घरात आणखी एक माणूस होतं. वकिलांची सासू. नवरा गेल्यापासून लेकीकडेच राहत होती. खिडकीशी खुर्ची, खुर्चीला टेकून काठी, समोर बंद केलेला टीव्ही. चष्म्याची एक काडी मोडलेली होती आणि सांध्यावर राखाडी गोळी बसली होती.

"चष्मा घरीच सांधलात, आजी?"

"दोन नळ्या येतात ना, कालवून लावायच्या, त्यानं. दुकानात कोण जाणार? माझे गुडघे बघा. मोरीपर्यंत जायचं तर देव आठवतो. वाकणं तर विसरूनच गेले."

"जावई कसे होते?"

"पोटच्या पोरासारखं केलं त्यानं माझं. डोळ्यांचं ऑपरेशन केलं, तीर्थाला म्हणेन तिथं नेलं. शेजारणी जळायच्या."

"सकाळी काही आवाज?"

"टीव्ही लावला होता."

पलंगावरच्या भिंतीला एका पोराचा फोटो होता. नवी सायकल धरून उभा, मिसरूड नुकतं फुटलेलं.

"हा कोण?"

"माझा धाकटा. लेकीच्या पाठचा. सायकलवरून येत होता, कोणीतरी गाडीनं उडवला."

"गाडी सापडली?"

"तुमच्या खात्यानं शोधली की. फार शोधली." म्हातारीनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. काठीच्या बुडाला रबरी टोपण होतं.

दाराशी वकिलांची बायको उभी होती. ती हळूच म्हणाली, "हे तेव्हा नवीनच वकील झाले होते. आपणहून घरी आले. म्हणाले, मी तुमच्या बाजूनं धावपळ करतो. पोलीस ठाणं, कोर्ट, सगळीकडे तेच जायचे. त्यातूनच आमचं लग्न झालं."

"आपणहून आले?"

"हो. ओळख ना देख."

त्या रात्री बाईंनी पाकोळी घरी टेबलावर ठेवली आणि भिंग लावून पाहिली. पिसांच्या रेघा अंगावरून निघून पंखावर गेल्या होत्या. मोडीच्या दोन्ही बाजूंना त्या केसाइतक्याही चुकत नव्हत्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तिघांना गॅरेजमध्ये बोलावलं. म्हातारीला लेकीनं धरून आणलं. बाईंनी तीच प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली, पण म्हातारी उभी राहिली. भाऊ भिंतीशी उकिडवा बसला. जॅक परत आला होता.

"हा अपघात नाही," बाई म्हणाल्या. "आमची जीप काल संध्याकाळपर्यंत या जॅकवर होती. सुतभरही खाली आली नाही. म्हणजे दांडा कोणीतरी फिरवला. वकिलांनी स्वतः घोड्यांच्या पिना काढून खिशात ठेवल्या होत्या. दांड्याशी भरवशाचं माणूस असल्याशिवाय ते असं करत नसत. तेव्हा मारणारा घरातला. ताई ऑफिसात होत्या. राहिले दोघं."

हवालदार भावाच्या जवळ सरकला.

"कशासाठी मारलं ते ही पाकोळी सांगते. सापडली तेव्हा तिला डावा पंख नव्हता. आता आहे. ओतारी म्हणतो, मी पंख केलाच नाही, नमुना त्याआधीच परत नेला. आणि हा पंख नवा नाहीच. हा तिचाच, मोडलेला. पाकोळी इतकी वर्षं दाराच्या पत्र्यात लपवलेली होती, पंख तिच्याजवळ नव्हता. मग तो होता कुठं? नाकावरचं चिन्ह मोडतं ते कशावर तरी आपटल्यावर. ज्याच्यावर आपटलं, त्याच्याकडे तो राहिला."

वकिलांच्या बायकोनं तोंडावर हात दाबला. तिला कळलं होतं.

"ओळख ना देख, एक नवा वकील आपणहून तुमच्या घरी येतो. त्याची गाडी त्याच सुमाराला बिघडते आणि शेडमध्ये पडते. पोलिसांकडे, कोर्टात तोच जातो, म्हणजे तपास कुठवर आलाय हे त्यालाच सगळ्यांच्या आधी कळतं."

"भाओजी?" भाऊ म्हणाला. "आमचा पोरगा भाओजींनी?"

"तुम्हाला काल माहीत असतं, तर तुमच्यावरच संशय घेतला असता. पण तुम्ही रोज लोखंडाला डाग देता, पितळ झाळता. पंख जोडायचा तर वर्कशॉपात झाळून जोडला असतात, घरगुती डिंकानं चिकटवला नसतात. तो डिंक आजींच्या चष्म्यावर आहे. दांड्याशी बसायला तुम्हाला खुर्ची लागली नसती. कालही लागली नाही, आजही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही पाकोळी गाडीखाली टाकून गेला नसतात. वाकून उचलली असतीत. जमिनीवरच्या तेलात काठीच्या टोकाचा ओरखडा आहे. कोणीतरी पाकोळी काठीनं आत ढकलली. गाडी पडल्यावर पाकोळीपर्यंत पोचायला गुडघे टेकावे लागले असते, आणि तेच त्या माणसाला जमत नव्हतं."

म्हातारीनं खुर्ची ओढली आणि सावकाश बसली. काल बसली होती तशीच, दांड्याशी.

"पंख माझ्या धाकट्याच्या शर्टाच्या बाहीत अडकला होता," ती म्हणाली. "कपडे धुताना हाताला लागला. तुमच्या साहेबाला नेऊन दाखवला. तो म्हणाला, सायकलीचा तुकडा असेल आजी, जपून ठेवा. तेव्हा मी आजी नव्हते. ठेवला जपून. थोरल्यानं टेबलावर पाकोळी ठेवली आणि म्हणाला, बघा, हिला पंखच नाही. मी काही बोलले नाही. जेवले."

"आई," लेक म्हणाली.

"ते भांडले आणि पाकोळी कपाटात गेली. मी काढून घेतली. नुसता पंख दाखवला असता तर वकील माणूस, काहीही सांगून सुटला असता. म्हणून आधी जोडली. काल तो म्हणाला, आई, जरा दांड्याशी बसता का? घोड्या एक भोक वर घ्यायच्यात. मी बसले. त्यानं पिना काढल्या. तेव्हा काठीनं त्याच्याकडे ढकलली. त्यानं उलटीपालटी करून बघितली. म्हणाला, आई, मला वर येऊ द्या, सगळं सांगतो. मी म्हटलं, तिथूनच सांग."

हवालदारानं टोपी काढून हातात घेतली.

"सांगितलं त्यानं. खरं सांगितलं असेल, त्या जागी कोण खोटं बोलतं? म्हणाला, जन्मभर तुमची सेवा केली ती त्यासाठीच. म्हटलं, ते राहू दे. माझं पोर लगेच गेलं का? तेवढंच विचारलं. हो म्हणाला असता, तर मी काय केलं असतं मला ठाऊक नाही. तो म्हणाला, नाही. मी उतरून जवळ गेलो. त्यानं माझा हात धरून ठेवला. मला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली." म्हातारीनं दांड्यावर हात ठेवला. "मग मी हा फिरवला."

भाऊ उठला आणि अंगणात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

इन्स्पेक्टरबाईंना पुढचं, अटकेचं वाक्य पाठ होतं. ते म्हणायचं होतं आणि त्यांना ते लवकर सापडेना. तेवढ्यात वकिलांची बायको आईसमोर येऊन उभी राहिली.

"दोन दिवस तुझ्याजवळ होतं हे. मला का नाही सांगितलंस?"

"तू त्याला माफ केलं असतंस."

लेकीनं विचार केला. खरोखरच केला, कपाळाला आठी घालून.

"हो," ती म्हणाली. "रडले असते, घर सोडून गेले असते, पोलिसांत दिलं असतं. पण कधीतरी केलं असतं." मग तिनं आईच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली. "तुला नाही करणार."

ती आत गेली आणि आईच्या गोळ्यांची पिशवी घेऊन आली. पिशवी तिनं इन्स्पेक्टरबाईंच्या हातात दिली. पांढरी सकाळी, पिवळी जेवल्यावर, एवढं सांगितलं. मग घरात गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

जीपची पायरी उंच होती. हवालदारानं म्हातारीला जवळजवळ उचलूनच आत बसवलं. गल्ली संपेपर्यंत ती समोर पाहत होती. वळणावर ती बाईंकडे वळली.

"काय म्हणाली ती शेवटी? मला नीट ऐकू आलं नाही."

"तुम्ही ऐकलंत, आजी."

म्हातारीनं मान पुन्हा समोर वळवली. काठी तिनं दोन गुडघ्यांच्या मध्ये घट्ट धरली होती.

"ऐकलं," ती म्हणाली. "माझीच पोर आहे."